केन अँड एबल : दुश्मनी कसली, एकतर्फी राग आहे नुसता

उंडगा :
जेफ्री आर्चरचं 'केन अँड एबल' संपवलं एकदाचं. मी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या वाचणारा माणूस, समीक्षा वगैरे समजू नका. (शेवट फोडतोय, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथूनच कटा.) पुस्तक हातातून सुटत नाही हे खरं, पण सगळे जिचं एवढं कौतुक करतात ती दुश्मनी मला काही पटली नाही. १९२९ च्या मंदीत हॉटेलमालक डेव्हिस लेरॉय जीव देतो, त्याचा हॉटेल मॅनेजर एबल त्याचं खापर मदत नाकारणाऱ्या बँकेच्या केनवर फोडतो आणि मग पुढची कित्येक वर्षं केनच्या बँकेचे शेअर जमव, त्याला खाली खेच, हाच उद्योग. आणि शेवटी कळतं की एबलची हॉटेलं तारायला निनावी पैसे देणारा केनच होता! अरे मग एक चिठ्ठी टाकायची ना बाबा, दोनशे पानं कमी झाली असती.

घाटमाथा :
चिठ्ठी टाकणारा माणूस असता तर तो केन कसला? बोस्टनच्या बँकवाल्या घराण्यात जन्म, बाप टायटॅनिकवर गेलेला, शाळेत असताना काडेपेटीच्या लेबलांचा धंदा करून नफा काढणारं पोरगं ते. त्याने पैसे दिले ते हिशोब पटला म्हणून, उपकार म्हणून नव्हे, मग सांगत कशाला फिरेल? पोटच्या पोराने एबलच्या मुलीशी लग्न केलं तर त्याला तोडलं पण माघार नाही घेतली. तिकडे एबलनेही मुलीशी तेच केलं. हा गैरसमज नाही हो, ताठा आहे, आणि दोन्हीकडे सारखाच आहे.

सईची_आई :
मला दोघांची बरोबरीच मान्य नाही. एबल म्हणजे मुळातला व्लादेक, पोलंडच्या जंगलात जन्मलेलं अनाथ पोर, सरदाराच्या वाड्याच्या तळघरात कैदेत काय राहतो, सायबेरियातून पळतो काय, तुर्कस्तानात चोरीपायी हात तुटायचा तो थोडक्यात वाचतो. आणि केनला काय कष्ट? पहिला अर्धा भाग वाचताना मी केनची प्रकरणं भराभर उलटत होते. दुश्मनी सुरू होते तिथे उलट पुस्तक पातळ होतं, नुसते शेअर आणि बोर्डाच्या मीटिंगा.

घाटमाथा :
ताई, त्या मीटिंगाच तर मजा आहे! भांडण तलवारीने नाही, टक्क्यांनी लढलंय.

पेठकर :
हे सगळं 'खुदगर्ज' मध्ये बघून झालंय. १९८७ चा राकेश रोशनचा पिक्चर, जितेंद्र आणि शत्रुघ्न, हॉटेलसकट. फक्त आपल्याकडे दोघं आधी जिगरी दोस्त दाखवावे लागतात. पुस्तकात दोस्ती नाहीच, दोघं भेटतात तेच मोजक्या वेळा, आणि मला ते जास्त आवडलं. शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यात समोरासमोर येऊन हॅट उचलतात तेवढंच, मिठी नाही की रडारड नाही.

उंडगा :
अहो पण हॅट उचलायला आयुष्य घालवायचं का? लेखकाने एक माहिती मुद्दाम दाबून ठेवली आणि तिच्यावर अख्खं भांडण उभं केलं, असं म्हणतोय मी. महायुद्धात जखमी केनला एबलच वाचवतो आणि दोघांनाही ते कळत नाही, हे तर फारच झालं. इतके योगायोग आपल्या सिरियलीत असले की आपणच नावं ठेवतो.

घाटमाथा :
योगायोग अति आहेत, तिथे वाद नाही. पण हेन्री ऑस्बोर्नचं काय करणार? केनच्या आईला लुबाडणारा तिचा दुसरा नवरा. असला माणूस एबल केनविरुद्ध वापरतो आणि तो काय लायकीचा आहे हे ओळखून वापरतो. ते काही चिठ्ठीने मिटलं नसतं.

सईची_आई :
ऑस्बोर्नबद्दल सहमत. पण केनची प्रकरणं मी परत वाचणार नाही म्हणजे नाही, त्यापेक्षा एबलच्या मुलीवरचा पुढचा भाग घेईन, तो कुणी वाचलाय का?