मदत हवी आहे : 'रन' या एका शब्दाचे इतके अर्थ मुलांना कसे शिकवावेत?

नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. 'रन' या एका शब्दापाशी माझे शिकवणे अडले आहे. इथे भाषेचा अभ्यास असलेली आणि वर्षानुवर्षे वर्गात उभी राहिलेली मंडळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेल्या आठवड्यात सातवीच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या घराविषयी पाच इंग्रजी वाक्ये लिहून आणायची आणि शेजारी बसणाऱ्याने ती वाचून मराठीत अर्थ सांगायचा, असा सराव चालू होता. एका मुलीने 'माय फादर रन्स अ हॉटेल' असे बिनचूक वाक्य लिहिले होते. फाट्यावर तिच्या वडिलांचे चहा-भज्यांचे हॉटेल आहे. पहाटेच्या एसटीच्या आधी ते उघडते. शेजारच्या मुलाने अर्थ सांगितला, 'माझे वडील हॉटेल पळवतात.' मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, 'सर, हिचे पप्पा हॉटेल पळवायलेत म्हणं,' आणि सगळा वर्ग हसला. मुलीने वही मिटली, दप्तरात घातली आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही.

त्या मुलाला मी रागावू शकलो नाही, कारण त्याचे काही चुकले नव्हते. मागच्या वर्षी सहावीत 'रन म्हणजे पळणे' असे मीच फळ्यावर लिहून दिले होते आणि ते दहा वेळा लिहून आणायला सांगितले होते. वडील स्वतः पळत नाहीत, हॉटेलला काहीतरी करतात, तेव्हा पळणेचे पळवणे झाले पाहिजे, हा त्याने लावलेला हिशेब मराठीच्या व्याकरणाला धरूनच होता. खोट मी दिलेल्या शब्दार्थात होती.

त्या संध्याकाळी मी कोश घेऊन बसलो आणि चक्रावून गेलो. नदी 'रन' होते तेव्हा मराठीत ती वाहते. लातूरहून नांदेडकडे रस्ता 'रन' होतो तेव्हा तो जातो. मोटर 'रन' होते तेव्हा ती चालू असते, साडीचा रंग 'रन' होतो तेव्हा तो धुण्यात जातो, आणि सर्दी झालेल्या लेकराचे नाक गळते तिथेही इंग्रजीला हाच शब्द पुरतो. वर्तमानपत्राने बातमी 'रन' केली म्हणजे छापली. नाटक शंभर प्रयोग 'रन' झाले म्हणजे चालले. एखाद्या घराण्यात साखरेचा आजार 'रन' होतो, तेव्हा आपण तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे असे म्हणतो. रस्त्यात जुना मित्र अवचित भेटला तर इंग्रज माणूस त्याच्यात 'रन' होतो. आपली मात्र गाठ पडते. सर्वांत जास्त विचार करायला लावले ते निवडणुकीने. आपल्याकडे उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, ब्रिटनमध्येही तो 'स्टँड' होतो, अमेरिकेत मात्र तो 'रन' होतो.

क्रियापद म्हणून या एका शब्दाचे 645 अर्थ ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या संपादकांनी वेगळे काढले असल्याची माहिती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली होती. याच कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत 'सेट' हा शब्द चारशेहून अधिक अर्थांसह पहिल्या क्रमांकावर होता; त्याला 'रन'ने मागे टाकले. 645 अर्थ कोणीच शिकवणार नाही हे उघड आहे, पण मग किती शिकवायचे आणि कोणत्या क्रमाने, हे मला कळत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. आपला 'लागणे' हा शब्द घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, दृष्ट लागते, बोअरला पाणी लागते, भाजी गोड लागते, बाजारात पैसे लागतात, स्टँडवर गाडी लागते आणि एखादा माणूस आपला मामा लागतो. माझ्या वर्गातील सर्वांत मागे पडलेला मुलगाही यात कधी चुकत नाही, आणि 'लागणे म्हणजे काय' असे विचारले तर मला स्वतःलाही एका शब्दात उत्तर देता येत नाही. याचा अर्थ अनेक अर्थांचा शब्द आमच्या मुलांना जड जातो असे मुळीच नाही. तो त्यांना कसा भेटतो यावर सगळे अवलंबून असावे.

माझे विचारणे असे आहे. 'रन'च्या या सगळ्या अर्थांतून जाणारा एखादा मूळ धागा आहे का, जो बारा वर्षांच्या मुलाला समजेल अशा मराठीत सांगता येईल? की धागा शोधण्याच्या नादी न लागता एकेक वाक्प्रयोग सुटा शिकवावा? आणि 'रन म्हणजे पळणे' हे वह्यांतून उतरलेले आता पुसायचे कसे?

प्रतिसाद

सर, आपला प्रश्न मोलाचा आहे. अंबाजोगाईला महाविद्यालयात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले, आता निवृत्त आहे. पदवीच्या वर्गातही मला याच वह्या भेटत असत, फक्त मुलांची उंची वाढलेली असे.

मूळ धाग्याविषयी आधी सांगतो. 'पळणे' हा 'रन'चा मूळ अर्थ आणि 'वाहणे' ही पुढे सुचलेली उपमा, असे आपण धरून चालतो, पण इतिहास तसा नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाची 'रिन्नन' आणि 'इर्नन' अशी रूपे होती आणि त्यांचा उपयोग माणसाच्या पळण्यासाठी तसाच पाण्याच्या वाहण्यासाठीही होत असे. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. ज्या 'धाव्' धातूपासून आपले धावणे आले, त्या संस्कृत धातूचेही धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ कोशांत दिलेले आहेत. तेव्हा मुलांच्या मनात पाय आणण्याऐवजी प्रवाह आणावा. मध्ये न थांबता पुढे पुढे जात राहणे, एवढे एक चित्र दिले की नदी, रस्ता, नाक, रंग, घराण्यातील आजार, चाललेले नाटक, हे सगळे एका ओळीत येऊन बसतात. हॉटेलही त्यातच येते. हॉटेल चालते म्हणजे त्याचा रोजचा ओघ थांबत नाही, आणि तो ओघ थांबू न देणारा माणूस हॉटेल चालवतो. त्या मुलीच्या वडिलांचे काम या शब्दात नेमके बसले आहे, हे तिला अवश्य सांगा.

मात्र हा धागा ताणू नका. जुना मित्र भेटणे किंवा गाडीखाली कोणी येणे हे प्रवाहात बसवायला गेलात तर मुले गोंधळतील. 'रन'ला 'इनटू', 'ओव्हर', 'आउट' असा शब्द जोडला की ती जोडी म्हणजे निराळाच शब्द, असे समजून शिकवावे. मराठीत 'उठणे' आणि 'उठून दिसणे' यांचा अर्थ आपण एकत्र शिकवत नाही.

वह्यांविषयी माझा आग्रह आहे, आणि तो थोडा कडक वाटला तरी मांडतो. एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द अशी दोन रकान्यांची वही बंदच करावी. 2000 सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. मूल सातवीत येईपर्यंत अशा कितीतरी वह्या भरून टाकते आणि तरी त्याला वाक्य जुळवता येत नाही. मधे तिसरा रकाना हवा आणि त्यात त्या शब्दाचा सोबती हवा. 'रन' एकटा कधीच लिहू नये. 'रन' आणि शॉप, 'रन' आणि रिव्हर, 'रन' आणि फीव्हर, असे लिहिले की मराठी अर्थ सोबत्याकडे पाहून ठरतो. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात 'लागणे' उघडून पाहावे. त्यालाही एका इंग्रजी शब्दावर भागवता आले नाही; तो प्रयोगांमागून प्रयोग देत जातो. आपण त्याच्या उलट दिशेने तेच करायचे आहे.

प्रतिसाद

सर, मी लातूर शहरात राहते आणि घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. मोठे सर म्हणतात ते पटले. त्यांत एक भर घालावीशी वाटते : उदाहरणे पुस्तकातून न घेता मुलांच्या घरातून घ्यावीत.

मी 'रन आउट' शिकवते ते 2016 च्या उन्हाळ्यावरून. माझ्याकडची मुले तेव्हा जन्मलेली नव्हती किंवा तान्ही होती, पण घराघरांत ती गोष्ट अजून सांगितली जाते. मांजरेवरचे धरण कोरडे पडले होते, नळ बंद होते, टँकरच्या रांगेत घागरी नंबराने ठेवलेल्या असत आणि पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते, 'वॉटर रॅन आउट, सो अ ट्रेन रॅन फ्रॉम मिरज टू लातूर.' एका वाक्यात दोनदा तोच शब्द येतो. पहिल्या ठिकाणी पाणी संपले, दुसऱ्या ठिकाणी गाडी धावली. मुलांना हे पुन्हा समजवावे लागत नाही, कारण दोन्ही गोष्टी त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेल्या असतात.

त्या मुलीविषयी वाचून वाईट वाटले. पुढच्या तासाला पहिले वाक्य तिचेच घ्या, एवढी विनंती.

प्रतिसाद

मी शिक्षक नाही. परभणी जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचे दुकान चालवतो आणि माझे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे. आपला धागा वाचताना लक्षात आले की हा शब्द आम्ही दिवसभर मराठीतच वापरतो. सिंगल फेज मोटरला स्टार्टिंग कपॅसिटर वेगळा असतो आणि रनिंग कपॅसिटर वेगळा. पहिला मोटर उचलण्यापुरता कामाला येतो आणि नंतर बाजूला होतो, तर दुसरा मोटर चालू आहे तोवर लाइनीत राहतो. जुनी मोटारसायकल घ्यायला आलेला माणूस आधी 'रनिंग किती झालंय?' असे विचारतो. फरशीवाला पायरीची पट्टी रनिंग फुटावर मोजतो, म्हणजे रुंदी न धरता नुसती सलग लांबी धरतो. क्रिकेटच्या धावा सोडल्या तर यांत कुठेच कोणी पळत नाही. थांबत नाही किंवा तुटत नाही, एवढाच अर्थ सगळीकडे आहे. आपल्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी मोटर असणार. त्यांना रनिंग कपॅसिटर विचारा. ती आपल्याला अर्थ सांगतील.

धागाकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. मोटारीचे उदाहरण माझ्या डोक्यात कधीच आले नसते, आणि वर्गात सर्वांत आधी कामाला आले ते तेच.

आज सातवीच्या तासाला मी प्रथम मुलांना सांगितले की मागच्या वर्षी फळ्यावर लिहून दिलेला अर्थ अपुरा होता आणि ती चूक माझी होती. मग विचारले, रनिंग कपॅसिटर कोणी पाहिला आहे? अकरा हात वर झाले. ज्याने 'पळवतात' म्हटले होते तोच मुलगा उभा राहून म्हणाला, 'सर, तो असला तरच मोटर चालत राहती, नाहीतर गुरगुरती अन् बंद पडती.' मी 'चालत राहती' हे त्याचेच शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्यांच्याखाली नदी, रस्ता, मोटर आणि हॉटेल असे चार सोबती मांडले. मग त्या मुलीला तिचे वाक्य फळ्यावर लिहायला बोलावले. ती आधी उठेना. शेवटी आली, वाक्य लिहिले, आणि मी न सांगता त्याखाली मराठीत लिहिले, 'माझे वडील पहाटे चारपासून हॉटेल चालवतात.' पहाटे चारपासून हे इंग्रजी वाक्यात नव्हते. ते तिने स्वतःहून घातले होते आणि मी ते पुसले नाही.

तीन रकान्यांच्या वह्या सोमवारपासून सुरू करत आहे.

एक प्रश्न मात्र आजच नव्याने उभा राहिला आहे. ताईंचे पाण्याचे वाक्य घेतल्यावर एका मुलाने विचारले की क्रिकेटमधला रन आउट आणि पाण्याचा रन आउट एकच का? मी त्याला एवढेच सांगू शकलो की फलंदाजाला दुसरे कोणी रन आउट करते, म्हणून तिथे 'वॉज' लागतो. पाणी आपले आपणच संपते, म्हणून तिथे लागत नाही. तो म्हणाला, 'पाणी बी आपोआप नाही संपत सर, आपणच उपसतो.' त्याचे म्हणणे खरे आहे आणि इंग्रजीचा नियमही खरा आहे. सातवीतल्या मुलाला हे दोन्ही एका वेळी कसे समजावून सांगावे, यावर कोणी मार्ग सुचवला तर उद्याच्या तासाला उपयोग होईल.