अडलंय ते सेटअपवर, प्रोग्रामवर नव्हे

कम्पॅटिबिलिटी मोड (प्रोग्रामला जुनं विंडोज असल्याचं भासवणारी सेटिंग) लावूनही १९९०च्या दशकातल्या प्रोग्रामचा सेटअप, म्हणजे तो बसवणारी फाइल, विंडोज ११वर सुरूच होत नाही, असा प्रश्न एकाने विचारलाय. तो मोड बदलत बसू नका. त्या काळी प्रोग्राम ३२-बिट असला तरी सेटअप बरेचदा १६-बिट, म्हणजे त्याहून जुन्या पद्धतीचा, असायचा, आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट चालवायची सोयच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं.

जुना संगणक अजून चालत असेल तर तिथून प्रोग्रामचं अख्खं फोल्डर उचला आणि थेट सी ड्राइव्हवर ठेवा. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये नको. जुने प्रोग्राम सेटिंग स्वतःच्याच फोल्डरात लिहितात आणि तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. सुरू करताना एखादी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोड-फाइल) सापडत नाही असं आलं, तर तेवढीच फाइल जुन्या मशीनवरून आणून त्याच फोल्डरात टाका. कुठल्यातरी साइटवरून डीएलएल उतरवून घेऊ नका, कळकळीनं सांगतोय.

रजिस्ट्रीवर (विंडोज प्रोग्रामच्या नोंदी ठेवतं त्या जागेवर) अवलंबून असलेला प्रोग्राम मात्र असा चालणार नाही. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) ३२-बिट विंडोज एक्सपी टाका, पण त्याला इंटरनेट देऊ नका. एक्सपीचा सपोर्ट २०१४मध्येच संपला.