फोटो नक्की कुणाचा? तुमचेही अनुभव सांगा

पानगळ
आज जुनी हार्ड डिस्क आवरताना 'लेखासाठी चित्रं' नावाचा फोल्डर सापडला. आत ४१ फोटो. कुणाचे, कुठून उचललेले, एकाचीही नोंद नाही. त्यात दवाने भरलेलं कोळ्याचं जाळं दिसलं आणि पोटात कालवलं.

हाच फोटो मी एका लेखात लावला होता, खाली 'आंतरजालावरून साभार'. चार महिन्यांनी फोटो काढणाऱ्याची मेल आली. धमकी नव्हती, पैशांची मागणी नव्हती. तीन पहाटे ओल्या गवतात पालथं पडून हा फोटो मिळाला, एवढं सांगून शेवटी लिहिलं होतं, 'माझं नाव आंतरजाल नाही.' मी त्याच दिवशी लेखातून फोटो काढून टाकला, माफी मागितली. ते वाक्य मात्र गेलं नाही मनातून.

तुमच्याकडून असं काही झालंय का? किंवा तुमच्या फोटोचं कुणी असं केलंय का?

दोनथेंब
मी कित्येक वर्षं 'साभार : गूगल' लिहीत होते. गूगल फक्त शोधून दाखवतं, फोटो त्याचा नसतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण काढणाऱ्याचं नाव दिलं की झालं ना?

जुना टंक
नाही हो. नाव देणं वेगळं, परवानगी वेगळी. मी एका छोट्या अंकाची मांडणी करायचो. मुखपृष्ठावरच्या फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव ठळक छापलं होतं, तरी एजन्सीचं बिल आलं. आमचं म्हणणं, श्रेय दिलंय की. त्यांचं म्हणणं, विचारलं कुठे? बरोबर होतं त्यांचं. भरलं बिल.

आणि © चिन्ह नाही म्हणजे फोटो मोकळा, हाही गैरसमज. प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८च्या सुधारणेपासून आलेलं तत्त्व आहे : प्रताधिकारासाठी नोंदणी वगैरे लागत नाही, फोटो काढला की हक्क लागू.

खिडकीपाशी
+१. मी दुसऱ्या बाजूची. खंड्याच्या एका फोटोसाठी दोन हिवाळे घालवले. कोपऱ्यात बारीक नाव टाकलं होतं. कुणीतरी तो कोपराच कापला, वर सुविचार चिकटवला, आणि तो फोटो माझ्याच मावशीने मला पाठवला. 'बघ किती सुंदर!' रडू आलं खरंच. मावशीला काय सांगणार

दोनथेंब
अगं 😔 कापणाऱ्याला ते नाव दिसलंच असणार, त्याचंच वाईट वाटतं.

खिडकीपाशी
हो ना. फाइलच्या आतही नाव भरलं होतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती पुसली जाते. बाकी नंतर लिहिते, लेकीला शाळेतून आणायचंय.

रेघोटी
पानगळ, जाळ्याचा फोटो कसा काढतात? मी गेल्या आठवड्यात प्रयत्न केला, नुसतं धुकट आलं.

जुना टंक
सूर्य समोर, मागे गडद झाडी, फोकस हाताने. वारा सुटायच्या आत.

अर्धविराम
मी क्रिएटिव्ह कॉमन्सवाली (सीसी), म्हणजे काही अटींवर आपलं काम इतरांना वापरू देणारे खुले परवाने. पहिले परवाने २००२चे, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ची. 'बाय' म्हणजे श्रेय द्या. 'एसए' म्हणजे बदल करून पुढे दिलंत तर त्याच परवान्याखाली द्या. 'एनसी' व्यापारी वापर नको, 'एनडी' बदललेलं चित्र पुढे वाटू नका. सीसी झीरो, म्हणजे सगळे हक्क सोडलेले, असेल तर श्रेयाचीही अट नाही, मी तरी देते.

ओळ अशी लिहायची : चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, मूळ पानाचा दुवा, परवाना आणि त्याचा दुवा. कातरलं किंवा रंग बदलले तर तेही. मी एकदा 'कातरले आहे' लिहायचं विसरले, छायाचित्रकाराने कळवलं. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर चुकीमुळे गेलेला वापराचा हक्क परत मिळतो. मी त्याच संध्याकाळी सुधारलं, त्यांचं छान उत्तर आलं, आता ते आपणहून फोटो पाठवतात.

शेवटचा बाक
वर्गासाठी मी नासाचे फोटो घेते, त्यांच्या स्वतःच्या चित्रांवर सहसा प्रताधिकार नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही २०१७ साली प्रताधिकारमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा सीसी झीरोखाली खुल्या केल्या. मुलांनाही प्रत्येक चित्राखाली ओळ लिहायला लावते. आधी कुरकुरतात, मग आपल्याच चित्रावर नाव नसलं की भांडतात 🙂

ओलावा
विषय थोडा वेगळा आहे, पण सांगतेच. आजीचा जुना फोटो मी आठवणींच्या लेखात टाकला होता. वर्षभराने तो भलत्याच लेखात दिसला, खाली 'जुन्या काळातील एक स्त्री'. माझ्या आजीला नाव होतं. लेखिकेला कळवलं, तिने लगेच काढून टाकला. पण तेव्हापासून माणसांचे फोटो वापरताना हात थबकतो. परवाना खुला असला तरी ती परवानगी फोटो काढणाऱ्याची असते, चेहरा ज्याचा आहे त्याची नाही.

रेघोटी
ओलावा ❤️

पानगळ
दुपारपासून एकेक फोटो उलट शोधात (फोटो देऊन त्याचं मूळ पान शोधतात तो) टाकून बघत होते. ४१पैकी १७ मूळ मालक सापडले, नावं आणि दुवे वहीत उतरवले. बाकीचे पुसून टाकले. जाळंवाल्यांना आत्ताच मेल केली, या वेळी आधी विचारलंय.

खिडकीपाशी
आले परत. काय उत्तर आलं ते सांग गं.