मदत हवी आहे : घरफोडीच्या खटल्यात हरकत नेमकी कधी घ्यावी?

वकील मित्रांनो, आरोपीतर्फे रात्रीच्या घरफोडीची केस चालवतोय. भारतीय न्याय संहितेची कलमे ३०५ आणि ३३१(४).

सरकार पक्षाची सगळी भिस्त निवेदन पंचनाम्यावर (आरोपीने पोलिसांपुढे, पंचांसमक्ष सांगितल्याची नोंद) आहे. अशिलाच्या तोंडी वाक्य घातलंय : 'कुलूप तोडून चोरलेलं मंगळसूत्र गोठ्यात पेंढ्याखाली लपवलंय, चला दाखवतो.' पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही; साक्ष अधिनियम, कलम २३ च्या परंतुकाप्रमाणे (अपवाद) वस्तू सापडायला कारण ठरलेला, म्हणजे लपवल्याचा भागच वाचता येतो, 'कुलूप तोडून चोरलेलं' वगळायला हवं. प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टय्या निकालापासून (१९४७) हेच चालत आलंय. पण अख्ख्या पंचनाम्याला निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडली तर? कबुली एकदा न्यायाधीशांच्या नजरेखालून गेली की मनातून पुसत नाही.

खरी अडचण सीसीटीव्हीची. फुटेज पेन ड्राइव्हवर, मूळ डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जप्त नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियम, कलम ६३(४) चं प्रमाणपत्रही नाही. आत्ताच हरकत घेतली तर सरकारी वकील ते मागवून घेतील. सर्वोच्च न्यायालयाच्या खोतकर निकालाने (२०२०) खटला संपेपर्यंत तशी मुभा दिली आहे. गप्प बसलो तर त्याच न्यायालयाचा सोनू विरुद्ध हरियाणा (२०१७) निकाल आडवा येतो : सिद्ध करण्याच्या पद्धतीवरची हरकत निशाणी पडतानाच घ्यायची.

शिवाय झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये सांगितलं असूनही. यावर जप्तीच अविश्वसनीय ठरवून घेतलीय का कुणी? पंचाच्या उलटतपासात कसं मांडलंत, तेही सांगा. माणूस तुरुंगात आहे, पुढच्या तारखेला पंच येतोय.