दुकान पण बघायचं आणि नातवाचं खाणं पण, कसं जमवताय तुम्ही लोक?

भडंगवाली_आजी (सांगली)

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. विश्रामबागकडं आमचं भडंग-चिवड्याचं छोटं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. आमचे हे गेल्यापासून मी एकटीच बघते, पॅकिंगला एक बाई येते तेवढीच. जूनपासून नातू माझ्याकडं आहे, सव्वाचार वर्षांचा. मुलगा-सून पुण्यात, दोघांच्या शिफ्ट ड्युट्या, पाळणाघर काही जमेना म्हणून मीच म्हटलं ठेवा वर्षभर इथं.

पोरगं गुणी आहे हो, पण खाण्याचं पार वाटोळं झालंय आणि ते माझ्यामुळंच झालंय. सकाळी पाचला उठून माझं लसूण ठेचणं, कढीपत्ता निवडणं, शेंगदाणे तळणं चालू, त्यात हा उठला की कपात चहा आणि दोन बिस्किटं देऊन बसवते. बालवाडीतून एकला येतो, दुपारी वरणभात खातो थोडा, ते ठीक. खरी पंचाईत सहा ते साडेआठ. गिऱ्हाईक दारात उभं, माझा एक हात चुरमुऱ्यात एक हात काट्यावर, आणि हा पदर ओढतोय आजी भूक आजी भूक. मग काय, एक पुडा फोडून हातात द्यायचा आणि मोबाईल लावून द्यायचा. दहा रुपयेवाल्या पाकिटांची माळ तर बरोब्बर त्याच्या नाकासमोर लटकतेय. त्यात गिऱ्हाईकं पण लाडानं चॉकलेट देतात, नाही कसं म्हणायचं रोजच्या माणसाला? नऊला भाकरी वाढली की तोंड फिरवतो, मग उपाशी झोपू नये म्हणून मोठा ग्लास दूध, त्यात ती चॉकलेटी पावडर दोन चमचे. दाढेला कीड लागलीय ती वेगळीच.

परवा व्हिडिओ कॉलवर सूनबाईनं बघितलं आणि म्हणाली, आई तुम्ही त्याला फरसाणावर वाढवताय का. लागलं मनाला. पण खोटं पण नाही ना ते. दुकान बंद करू शकत नाही, त्यावरच घर चालतंय. कुणी असं दोन्ही सांभाळलंय का?

किराणावाले_आजोबा (सातारा)

ताई, तुमचं वाचून मला माझंच दुकान दिसलं. आमचं किराणा आहे, नात दोन वर्षं गल्ल्याशेजारी स्टुलावर वाढली म्हणा ना. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुमचा नातू सहा वाजता पुडा मागतो तेव्हा त्याला भूक असते हे खरंच आहे, एकला जेवलेलं पोर ते. चूक एवढीच की भुकेच्या वेळेला आपण पुडा देतो आणि भूक मेल्यावर भाकरी वाढतो. आम्ही नातीचं रात्रीचं जेवणच साडेपाचला आणलं. पूर्ण जेवण, भाकरी भाजी आमटी, गर्दी सुरू व्हायच्या आधी. पहिले चार दिवस बायको म्हणाली हे काय जगाच्या उलटं, पण पोरीनं अख्खी भाकरी खाल्ली हो, कारण पोटात जागा होती. साडेआठला दुकान बंद करताना मग आमच्या ताटातला एखादा घास आणि अर्धा कप दूध, बास.

दुसरं, ती माळ आजच्या आज वर बांधा. लहान पोराला दिसतंय पण मिळत नाही हा छळ आहे. आम्ही माळ आतल्या बाजूला लावली, सुरुवातीला खप थोडा कमी झाला, मग मागणारा मागून घ्यायला लागला. आणि गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही, चॉकलेट घ्यायचं, थँक्यू म्हणायला लावायचं आणि बरणीत टाकायचं. रविवारी बरणी उघडते, त्यातलं एक तिचं.

तिसरं म्हणजे काम द्या. आमची नात शेंगा सोलायची, कोरेगावचा वाघ्या घेवडा निवडायची, खडा सापडला की अख्ख्या दुकानाला दाखवायची. जो घेवडा हातानं निवडला त्याची उसळ ताटात आली की "हा माझा" म्हणून खायची. तुमच्याकडं तर शेंगदाण्याचं पोतंच असेल, बसवा की सोलायला.

मिरजेची_आहारवाली

आजोबांचं साडेपाचचं जेवण एकदम पटलं, पण शेंगदाण्यावर थांबा जरा. मी मुलांच्या दवाखान्यात आहारसल्ल्याचं काम करते. पाच वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊन आपण गिऱ्हाईकाकडं वळायचं नाही. हसताना-पळताना एक दाणा श्वासनळीत गेला तर पळापळ होते. अख्खी द्राक्षं पण तशीच, उभी चिरून द्या. शेंगदाण्याचं कूट, चटणी बिनधास्त चालते. निवडायला कढीपत्ता द्या, पानं ओरबाडायला पोरांना लई आवडतं.

आता काकू, तुमच्या दोन सवयी बघा. सकाळचा चहा पूर्ण बंद. चहानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही आणि या वयात रक्त कमी असलेली पोरं आम्ही रोज बघतो. दुधाचं पण तेच, दिवसाला दोन कप म्हणजे 400-500 मिली खूप झालं, त्याच्यावर गेलं की पोट दुधानंच भरतं, भाजी-डाळीला जागा राहत नाही आणि लोह कमी पडतं. उसळीवर, मेथीवर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं.

ती पावडर तर काढूनच टाका. 2024 मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलंय की असली पेयं "हेल्थ ड्रिंक" म्हणून दाखवू नका. डबा उलटा करून वाचा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, साखर कितव्या नंबरला आहे बघा. बिस्किटाच्या पुड्यावर पण 100 ग्रॅममागं साखर लिहिलेली असते, 25-30 ग्रॅम सहज असते म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 च्या आत असली तर अजून चांगलं. चार वर्षांच्या पोराला दिवसाला साधारण 1300 कॅलरी लागतात, त्याचे 10 टक्के म्हणजे जेमतेम 32 ग्रॅम. एक पुडा आणि तो दुधाचा ग्लास झाला की हिशोब संपला, तुम्ही दुकानदार आहात, हिशोब तुम्हाला मी काय सांगू.

दाढेचं लांबवू नका, दुधाच्या दाढा कशा पण पडणारच असं म्हणून लोक थांबतात आणि मग पोर दुखतंय म्हणून चावायचंच बंद करतं. दाखवून घ्या.

जुनं_ते_सोनं

एवढं कसलं टेन्शन. आम्ही चहा-खारीवर वाढलो, काय झालं आम्हाला? साखरेऐवजी गूळ द्या हवा तेवढा, त्यात लोह असतं. बेदाणे द्या मूठभर, आपल्या तासगावचेच.

मिरजेची_आहारवाली

दादा, गूळ पण साखरच, हिशोबात तेवढीच धरायची. त्यातल्या लोहाच्या आशेवर गुळाची ढेप खाऊ घातली तर आधी दात जातील. बेदाणे चांगले पण चिकट, दाताच्या फटीत बसतात, त्यामुळं चार-पाच, ते पण जेवणाबरोबर आणि वर चूळ. नुसते येताजाता चघळायला नाही.

तासगावकरीण_पुण्यात

मी त्या सूनबाईच्या जागेवरची. माझी मुलगी दीड वर्ष सासूबाईंकडं होती. आत्या, फोनवर जे तोडून बोलतो ना आम्ही, ते निम्मं स्वतःवरच चिडलेलं असतं, पोर आपल्यापाशी नाही म्हणून. मी पण असंच बोलले होते आणि वर दर महिन्याला मीच क्रीमच्या बिस्किटांचं खोकं घेऊन जायचे, गंमत बघा. मग सासूबाईंनी एक दिवस शांतपणे सांगितलं, येताना फळं आण आणि रात्री आठला तू व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बस तिच्याशी, मी दुकान आवरते. तेवढा वेळ मोबाईल होता पण त्यात आई होती. तुम्ही पण सांगून बघा सूनबाईला, काम वाटून द्या तिला.

आणि नवी भाजी एकदा थुंकली म्हणून सोडू नका, माझ्या पोरीनं शेपू दहाव्यांदा कुठं गिळला. अजून नावं ठेवते पण खाते.

भडंगवाली_आजी (सांगली)

तीन आठवड्यांनी लिहितेय, गणपतीच्या ऑर्डरी होत्या, श्वास घ्यायला वेळ नव्हता. तुम्हा सगळ्यांचे उपकार झाले.

साडेपाचचं जेवण सुरू केलं. पहिले दोन दिवस बोंबाबोंब, तिसऱ्या दिवशी शाळूची अर्धी भाकरी दुधात कुस्करून, त्याबरोबर मुगाची उसळ, वाटी चाटून ठेवली. चहा बंद, त्याबद्दल माझ्यावर अजून रुसलाय, हुलग्याचं माडगं दिलं तर म्हणतो हा पण चहाच आहे ना, मी हो म्हटलं, माफ करा. पावडरीचा डबा वाचला, साखर दुसऱ्या नंबरला निघाली. अंगणवाडीत वजन करून आणलं, ताई म्हणाल्या रेषेत आहे. दाढेत सिमेंट भरलं, डॉक्टरांनी ओरडा मला दिला, त्याला फुगा.

कढीपत्ता तोच निवडतो आता. आणि काट्याचं भलतंच वेड लागलंय, स्वतःची वाटी आधी काट्यावर ठेवतो, जेवल्यावर परत ठेवतो आणि आकडा कमी झाला की गिऱ्हाईकाला सांगतो बघा किती गेलं पोटात. परवा एक काका अर्धा किलो भडंग घ्यायला आले ते दहा मिनिटं हेच बघत उभे होते.

सूनबाईशी बोलले. आठचा कॉल ती लावते, ज्या दिवशी शिफ्ट नसते त्या दिवशी. फरसाणाचं बोललेली त्याबद्दल ती काही म्हणाली नाही, मी पण विषय काढला नाही. बिस्किटं मात्र पूर्ण सुटली नाहीत, दुपारी दोन आहेतच. आणि मुलगा गणपतीला आला तो काय घेऊन आला असेल? बरोबर. क्रीमवाल्यांचं मोठं खोकं. दुकानात लावलंय ते विकायला.