लेकरांकडून शिकायचं म्हणजे नेमकं काय?

औशाचा शेतकरी:
गेल्या दिवाळीआधी लातूरच्या आडतीत सोयाबीन घेऊन गेलो. सोबत सातवीतला पोरगा. आडत्याच्या माणसानं मूठभर दाणे मशीनला लावले, मॉइश्चर १४ आलं. हमीभावाला १२ टक्क्यांची अट. तीच धरून तो कडता, म्हणजे वजनात कपात, लावणार. मी मान डोलावली. पोरगं म्हणालं, "काका, हे कडंचं पोतं रात्री टेम्पोत दवानं भिजलंय. मधल्यातलं मोजा की." मोजलं. साडेअकरा! वीस वर्षं माल घालतोय, पण 'पुन्हा मोजा' म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. विचारायची लाज कशी सोडायची, हे लेकरांकडूनच शिकावं. पटतं का?

माजलगावचा मास्तर:
नाही पटत. पोराला आडत्याकडून उचल, म्हणजे मालाआधीच आगाऊ पैसे, घ्यायची नव्हती, तुम्हाला घ्यायची असेल. तिथं गप्प बसणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हिशेब असतो. माझ्या वर्गातली कितीतरी लेकरं दिवाळीनंतर आईबापासोबत उसाच्या फडावर जातात. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळतात, उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधतात. मुकादमाला उलटा प्रश्न विचारणारं त्यातलं एकही मला अजून भेटलं नाही.

परभणीची आत्या:
मास्तर, माझी पुतणी नववीत. पाव्हणे बघायला आले, तिला चहाचा ट्रे घेऊन बाहेर बोलावलं. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "अठरा झाल्यावर या." पाव्हणे पोहे तसेच टाकून उठले. बालहक्क करार १९८९ चा, भारतानं तो १९९२ ला स्वीकारला. लेकराचं म्हणणं ऐकून घ्या, असं त्यात लिहिलंय. आमच्या घरात ते तिनंच आणलं. मीच तिला पढवलं असं समजून भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मी काय पढवणार? माझ्या वेळी मी मुकाट ट्रे फिरवला होता.

तेरकर:
आमच्या गोरोबाकाकांची, संत गोरा कुंभारांची, गोष्ट आठवा. मडकं ठोकायचं थापटणं बघून 'हे काय?' असं धाकट्या मुक्ताईनं विचारलं. मग काकांनी एकेका संताचं डोकं थापटलं, नामदेव चिडले आणि कच्चं मडकं ठरले. प्रश्न पोरीचा खरा, पण पारख मुरलेल्या कुंभाराची! हे अर्धं लोक सोयीनं विसरतात. (इथं कुणी थापटणं घेऊन येऊ नये, निम्मा धागा कच्चा निघेल.)

औशाचा शेतकरी:
मास्तर, खोटं कशाला बोलू, उचल घेतलीच होती. २५ हजार. त्या दिवशी आडत्या हसत हसत हिशेबाची पट्टी करून मोकळा झाला. यंदा जूनमध्ये बियाण्याला पैसे मागितले तर "बघू" म्हणाला. ते अजून बघणंच चालू आहे. पोराला काही बोललो नाही.

माजलगावचा मास्तर:
सांगा त्याला. हेही कळू द्या.

परभणीची आत्या:
अजिबात सांगू नका. पुढच्या खेपेला तोंड उघडणार नाही तो.