मदत हवी आहे: बाभूळ तरवडाच्या घरात आणि आपटा बाहेर, हे कसं काय?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय, एमएस्सी बॉटनीचं पहिलं वर्ष आहे आणि शेंगावाल्या फॅमिलीत डोकं पार गरगरलंय. बीएस्सीला सोपं होतं, तुरीसारखं फुलपाखरी फूल दिसलं की पॅपिलिओनॉइडी, तरवडासारखं उघडं पाच पाकळ्यांचं असलं की सिसॅल्पिनिऑइडी, बाभळीसारखा पिवळा गोंडा असला की मिमोसॉइडी, विषय संपला. आता मॅडम म्हणतात २०१७ पासून डीएनए बघून तीनाच्या सहा सबफॅमिली झाल्या, बाभूळ तरवडाच्या सिसॅल्पिनिऑइडीत गेली, आपटा सर्सिडॉइडीत, चिंच डिटॅरिऑइडीत.

म्हणून नान्नजच्या रस्त्यानं येताना तूर, तरवड, बाभूळ अशी तिन्ही फुलं आणली (आपट्याला आत्ता फुलं कुठली, दसऱ्याला पानं लुटली तेवढीच) आणि सुईनं उघडून बघितली. तुरीच्या कळीत वरची मोठी पाकळी सगळ्यांना बाहेरून गुंडाळून बसलेली, पुंकेसर नऊ जोडलेले, एक सुटा. तरवडाचं उलटं, वरची पाकळी सगळ्यात आत, पुंकेसर दहा पण त्यातले वरचे तीन बारके, वांझोटे. बाभळीचं एकेक फूल तर इवलंसं, पाकळ्या नुसत्या कडेला कड लावलेल्या आणि पुंकेसर मोजायचा नादच सोडला. आता तरवड नि बाभळीत साम्य ते काय ओ? प्रॅक्टिकलला स्पॉटिंग आहे, म्हणजे नमुना नुसता बघून ओळखायचा, तिथं डीएनए कुठनं आणू?

प्रतिसाद: ताई, फुलात खूण शोधत बसू नका, हाती काही लागणार नाही. जुनी सिसॅल्पिनिऑइडी म्हणजे फुलपाखरीही नाही आणि गोंडाही नाही अशा उरलेल्यांचा गठ्ठा होता. मॅटके ह्या हरितलवकातल्या जीनच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला तेव्हा कळलं की बाभूळ, शिरीष, लाजाळू हे सगळे तरवड-गुलमोहराच्याच फांदीवर नंतर फुटलेत, आपटा आणि चिंच त्याच्या कितीतरी आधी वेगळे झालेत. पाकळ्या बारक्या होऊन पुंकेसरांनीच मिरवायचं हे बाभळीकडं मागाहून आलं, त्यामुळं तोंडावळा जुळत नाही. स्पॉटिंगला पानं बघा, देठावर नाहीतर मधल्या शिरेवर मधाच्या ग्रंथी दिसतात का. ह्या सबफॅमिलीत त्या पुष्कळांना असतात, सगळ्यांना नाही. आपट्याच्या पानावर नाही सापडायच्या.

धागाकर्ती: सापडल्या की! तरवडात पानांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक उभी ग्रंथी आहे, बाभळीच्या देठावर चपटी. लई उपकार झाले. आता जर्नलमध्ये बाभळीला अकेशिया लिहू का व्हॅचेलिया?

प्रतिसाद: व्हॅचेलिया निलोटिका. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय बॉटनी काँग्रेसनंतर अकेशिया नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडं गेलं. तरी कंसात जुनं नाव टाका, एक्स्टर्नल कोण येतंय काय सांगावं.